ब्रेकवरचा पाय

नसरापूरच्या चौकात उसाच्या ट्रॉलीनं रस्ता अडवला, तशी अमजदनं पिकअप उभी केली आणि ती पुन्हा थरथरायला लागली.

आधी स्टिअरिंग हातात किंचित हललं. मग समोरच्या काचेची किणकिण सुरू झाली, आणि बघता बघता सगळी केबिन हिवताप भरलेल्या माणसासारखी कापायला लागली. इंजिनाचा आवाज खाली खाली गेला, आता बंदच पडणार असं वाटेपर्यंत गेला, आणि तिथंच कसाबसा धाप टाकत राहिला.

"चाचा, गाडीला थंडी वाजतीय! गोधडी घाला तिच्या अंगावर!" मागच्या हौद्यातून शेफाली ओरडली. सगळ्या बायका खळखळून हसल्या.

अमजद हसला नाही. त्याचा उजवा पाय ब्रेकवर होता, डावा क्लचवर, आणि कान इंजिनाकडे. ट्रॉली पुढं सरकली. त्यानं गियर टाकला, गाडी हलली आणि कापरं कुठल्या कुठं गेलं. जणू काही झालंच नव्हतं.

"रोजच करतीय व्हय अशी?" शेजारी बसलेल्या सगुणाबाईनं विचारलं. मजूर बायकांची ती मुकादम. गुडघे धरलेले, म्हणून तिला केबिनमध्ये जागा.

"थांबली की करती. चालू लागली की कायबी न्हाई."

"थंडीचं आसंल."

"आसंल," अमजद म्हणाला. पण हे काही थंडीचं नाही, असं त्याचं मन त्याला गेले कितीतरी दिवस सांगत होतं.

अमजदनं पन्नाशी ओलांडली होती. मिसरूड फुटल्यापासून त्यानं गाडी सोडून दुसरं काही केलं नव्हतं. कोंबड्यांची गाडी चालवली, सिमेंटची चालवली, मंडईची भाजी ओढली. सगळं दुसऱ्याच्या गाडीवर. ही गॅसवर चालणारी छोटी पिकअप मात्र त्याची स्वतःची होती. हिवाळ्यात कांद्याच्या लागणीचे दिवस आले, की तो भल्या सकाळी नसरापुराहून निघायचा. राजगडाच्या पायथ्याला पाली, आणि पालीच्या वर डोंगराच्या खांद्यावर वसलेली वरची वाडी. तिथल्या दहा-बारा बायका घेऊन तो हायवेनं सारोळ्याला यायचा, दिवस मावळायच्या आत त्यांना परत सोडायचा.

मालाच्या गाडीत माणसं बसवायची नसतात, हे त्याला ठाऊक होतं. सगळेच बसवायचे. वाडीला एसटी चढत नव्हती, मग बायकांनी जायचं कसं? पण भाजीच्या गोण्या ओढताना त्याला कधी पाठीमागची जाणीव नसायची. बायका बसायला लागल्या आणि ती जाणीव झाली. कुणी खोकलं, कुणाच्या बांगड्या वाजल्या, कुणी गाणं म्हटलं की ते त्याच्या पाठीला येऊन लागायचं. वळण आलं की तो आणखी हळू व्हायचा. हायवेवरची पोरं त्याला ओलांडून जाताना हॉर्न वाजवून चेष्टा करायची. 'सावकाश अमजद' हे नाव त्याला असंच चिकटलं होतं. भित्रा ड्रायव्हर. त्याचं त्याला वाईट वाटत नसे, कारण ते खरंच होतं.

त्या दिवशी बायकांना सारोळ्याच्या शेतावर सोडून तो तडक इंद्रजितच्या गॅरेजात आला. गेल्या काही दिवसांतली ही त्याची कितवी खेप, हे त्यानंही मोजायचं सोडलं होतं.

इंद्रजितनं हँडब्रेक ओढून गाडी सुरू केली आणि तो उतरून बॉनेटमध्ये वाकला. इंजिन एकसारखं, मऊ आवाजात चालू होतं. शेगडीजवळ बसलेलं मांजर गुरगुरतं तसं.

"बघा की चाचा. ह्याच्यात काय खोट हाय?"

अमजदनं कान लावला. खोट नव्हती. "रस्त्यात थांबलो की हुतं रं. लई कापती. बंदच पडतीया आसं वाटतं."

"मंग आत्ता काय पळतीय व्हय? थांबलेलीच हाय की!"

इंद्रजित काही कामचुकार माणूस नव्हता. त्यानं प्लग बदलले होते, एअर फिल्टर बदलला होता, थ्रॉटल खोलून काजळी धुतली होती. गॅस बंद करून नुसत्या पेट्रोलवर चालवून पाहिली होती. प्रत्येक वेळी गाडी गॅरेजात शहाण्या लेकरासारखी वागायची आणि अमजद रस्त्याला लागला की पहिल्याच थांब्यावर कापायला लागायची.

"चाचा, राग मानू नका," इंद्रजित फडक्यानं हात पुसत म्हणाला, "गाडी ठणठणीत हाय. तुमी एकदा बीपी तपासून घ्या."

गॅरेजातली दोन गिऱ्हाइकं हसली. अमजदही ओशाळं हसला आणि गाडी घेऊन निघाला. गॅरेजच्या तोंडाशीच एसटी आडवी आली. त्यानं ब्रेक दाबला. गाडी कापायला लागली. त्यानं मागं वळून पाहिलं, पण इंद्रजित दुसऱ्या गाडीखाली शिरला होता.

संध्याकाळी तो जेवायला बसला. खुर्शिदा तव्यावरची भाकरी उलटत होती. तिचं लक्ष त्याच्या पायाकडे गेलं.

"जमिनीला काय दाबताय?"

अमजदनं पाहिलं. मांडी घालायची सोडून त्यानं उजवा पाय पुढं सोडला होता आणि टाच रोवून पंजा फरशीवर दाबत होता. त्यानं पाय ओढून घेतला.

"गाडीचंच ना?" खुर्शिदा म्हणाली.

"वाडीचा उतार आठवतोय. खाली वढ्याच्या मोरीपाशी वळन हाय बघ. मोरीला कठडा न्हाई, खाली धोंडंच धोंडं. त्याच वळनावर शाळंची पोरं एसटीला हुबी असत्यात. उतारावर इंजान बंद पडलं तर?"

"मंग नका नेऊ त्या बायांना. खरं सांगा त्यांना काय ते."

"काय सांगू? मेकॅनिक म्हनतो गाडी बरी हाय. म्या काय म्हनू, मला भ्या वाटतंय?"

"वाटतंय तर वाटतंय म्हनायचं," खुर्शिदा म्हणाली आणि भाकरी त्याच्या ताटात टाकली. "त्यात लाजायचं काय?"

पण त्याला लाजच वाटत होती. ड्रायव्हरनं सगळं बोलावं, हे बोलू नये, असं त्याला वाटे. आणि त्याच्या नकळत पाय पुन्हा फरशीवर दाबला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीवर दाट धुकं होतं. राजगड त्यात पार बुडून गेला होता. अमजदनं गाडी वळवून उताराच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेला उभी केली. बायका डबे आणि खुरपी घेऊन एकेक करून हौद्यात चढल्या. शेफाली आज लेकीलाही घेऊन आली होती. वर्षा-दीड वर्षाची पोर, डोक्याला लोकरीचं कानटोपडं.

"सासूबाई गावाला गेल्यात चाचा. हिला कुनापाशी ठिवू? बसंल गप बांधावर."

"बस," अमजद म्हणाला.

सगुणाबाई अजून यायची होती. अमजद इंजिन चालू ठेवून, पाय ब्रेकवर दाबून तिची वाट बघत बसला. गाडी कापत होती. काचेची किणकिण ऐकून त्याला वीट आला. उतरून एकदा बॉनेट उघडावं म्हणून त्यानं हँडब्रेक ओढला आणि ब्रेकवरचा पाय उचलला.

कापरं थांबलं.

इंजिन गॅरेजात चालायचं तसं चालायला लागलं. गुरगुरत, एकसारखं.

अमजद तसाच बसून राहिला. मग त्यानं हळूच पाय पुन्हा ब्रेकवर ठेवला आणि दाबला. स्टिअरिंग हललं, आवाज खाली गेला. पाय काढला. आवाज वर आला. पुन्हा दाबला. या खेपेला त्यानं मान वाकवून कान पायांजवळ नेला. पेडलच्या मागून बारीक आवाज येत होता. सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा. स्सस्स.

गॅरेजात गाडी हँडब्रेकवर असायची. तिथं ब्रेकवर कुणाचा पाय नसायचा, म्हणून तिथं ती कापत नव्हती. इतके दिवस तो समजत होता, की थांबली की कापते. ती ब्रेक दाबला की कापत होती. आणि थांबायचं म्हणजे ब्रेक दाबायचाच!

ब्रेकच्या मागं एक मोठा डबा असतो, बूस्टर म्हणतात त्याला. इंजिन त्यातली हवा ओढून घेतं आणि त्या जोरावर पायाचं बळ कितीतरी पट होतं. एवढं अमजदला माहीत होतं. त्या डब्यात बाहेरची हवा शिरत असली तर इंजिन कापणार, हेही त्याच्या ध्यानात आलं. आणि मग त्याच्यापुढची गोष्ट ध्यानात आली. इंजिनाची खोट नव्हतीच. इतके दिवस ब्रेकच हळूहळू मरत होता, आणि त्याच ब्रेकवर रोज सकाळी तो हा उतार उतरत होता.

"चला भाऊ, उशीर झाला लई." सगुणाबाई दार उघडून आत चढली.

अमजदनं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, गाडी गियरमध्ये टाकली, हँडब्रेक पुन्हा एकदा ओढून पाहिला.

"सगुणाबाई, समद्यास्नी खाली उतरवा."

"का?"

"ब्रेकचं काय तरी झालंय."

हौद्यातून गलका झाला. "आता हे काय नवीन?" "मालक वाट बघनार न्हाई, दुसऱ्या बाया लावंल!" "चाचा, काल ह्याच ब्रेकवर आनलं की आमाला!" शेवटचं शेफाली म्हणाली.

"व्हय पोरी," अमजद म्हणाला. "काल आनलं."

"मेकॅनिक म्हनला का, ब्रेक गेला म्हनून?" सगुणाबाईनं विचारलं.

"न्हाई. तो म्हनतो गाडी बरी हाय."

"मंग?"

अमजदनं स्टिअरिंगवरचे हात काढले आणि मांडीवर ठेवले. ते थरथरत होते आणि ते लपवायला आता गाडीचं कापरंही नव्हतं. "मला भ्या वाटतंय," तो म्हणाला.

सगुणाबाईनं त्याच्या हातांकडे पाहिलं. मग ती खाली उतरली आणि हौद्यावर थाप मारून म्हणाली, "उतरा गं. उतरा म्हनलं ना!"

बायका कुरकुरत उतरल्या. गलका ऐकून वाडीतला स्वरूप बाहेर आला. पंचविशीचा पोरगा, त्यानं नुकतीच नवी पिकअप घेतली होती.

"काय झालं चाचा? दमली म्हातारी?" तो हसत म्हणाला. "चला मावश्यांनो, मी सोडतो."

बायका त्याच्या गाडीत चढल्या. स्वरूपनं मोठ्यानं गाणं लावलं आणि गाडी उतारावर सोडली. अमजद रस्त्याच्या मधोमध उभा राहून ऐकत राहिला. धुक्यात दिसत काही नव्हतं. गाण्याचा आवाज वळणाशी क्षणभर नाहीसा झाला, मग खाली पालीच्या सपाटीवर पुन्हा उगवला. तेव्हा अमजदनं श्वास सोडला.

मग त्यानं दोन मोठे धोंडे आणून पुढच्या चाकांना लावले आणि इंद्रजितला फोन केला.

"बूस्टर?" इंद्रजित म्हणाला. "एवढ्यात कसा जाईल? बरं, हलवू नका गाडी. दुपारच्याला येतो."

दुपारपर्यंतचा वेळ सगळ्यात वाईट गेला. धुकं उठलं आणि उतार खालपर्यंत स्पष्ट दिसायला लागला. सिमेंटचा अरुंद पट्टा, दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या आणि तळाला ती बिनकठड्याची मोरी. गुरं घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बंद पडली का?" अमजद "व्हय" म्हणाला. आता त्याला वेगळीच भीती लागली होती. इंद्रजित येईल, पेडल दाबून बघेल आणि म्हणेल, चाचा, काही नाही. मग उद्यापासून कोणत्या तोंडानं त्या बायकांसमोर जायचं? ब्रेक खराब निघावा अशी तो मनातल्या मनात दुआ मागायला लागला, आणि आपण काय मागतोय हे कळल्यावर त्याला स्वतःचीच शरम वाटली.

इंद्रजित मोटारसायकलवरून आला तो हसतच आला. केबिनमध्ये बसून त्यानं बंद गाडीचा ब्रेक चार-पाचदा दाबला, पेडल घट्ट झाल्यावर पाय तसाच ठेवून इंजिन चालू केलं.

"आता पेडल थोडं खाली जायला पायजे," तो म्हणाला.

गेलं नाही. इंजिन तेवढं कापायला लागलं.

इंद्रजितचं हसू मावळलं. त्यानं अमजदला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि बॉनेट उघडून इंजिनातून बूस्टरकडे जाणारी नळी पकडीनं चिमटली. इंजिन लगेच सरळ चालायला लागलं. सोडली, कापायला लागलं. त्यानं तीन-चारदा तसं केलं. मग बॉनेटवर हात टेकून तो उभा राहिला.

"आतला रबरी पडदा चिरलाय," तो हळू आवाजात म्हणाला. "सरका चाचा. किती धरतोय बघू एकदा. धोंडं हायत ना लावल्यालं?"

तो केबिनमध्ये बसला, त्यानं हँडब्रेक सोडला आणि ब्रेक जोरात दाबला, उतारावर अचानक काही आडवं आलं की माणूस दाबतो तसा. फस्सकन आवाज झाला. इंजिन एकदम बंद पडलं. गाडी पुढं सरकली आणि चाकाखालचा एक धोंडा सिमेंटवर करकरत घासत निघाला.

"इंद्रजित!"

"दगड झालाय! पेडल दगड झालाय!" इंद्रजित सीटवरून उठून दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिला होता. गाडी वीतभर, आणखी वीतभर सरकली. अमजदनं दारातून आत झेप घेऊन हँडब्रेक वर ओढला. गाडी थांबली.

दोघं खाली उतरले. खाली मोरीवरून शाळेतली पोरं घरी परतत होती. त्यांची कलकल वरपर्यंत ऐकू येत होती.

"रिकामी हाय गाडी," इंद्रजित म्हणाला. "रिकामी असून ही तऱ्हा." आणि मग अमजदकडे न बघता म्हणाला, "चाचा, काल म्या तुमाला बीपी तपासा म्हनलो."

अमजदनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

गाडी मागून ट्रॅक्टरला बांधून, ट्रॅक्टरनं दोर ताणून धरत हळूहळू खाली सोडली. पुण्याहून नवा बूस्टर आला, बसला. गाडी थांबली तरी आता काच वाजत नव्हती. अमजदनं ती रिकामी घेऊन उतारावरून कितीदा तरी वर-खाली नेली, जागोजाग उभी केली. मग एका संध्याकाळी तो वाडीवर गेला. बायका सगुणाबाईच्या अंगणात बसल्या होत्या.

त्यानं सगळं सांगितलं, काही न लपवता. पडदा कसा चिरला होता, इंद्रजितनं दाबल्यावर कसा फाटला, गाडी धोंड्यासकट कशी सरकली. "आता समदं नवीन हाय," तो म्हणाला. "उद्यापास्नं येतो."

शेफालीनं पोरीला उचलून छातीशी घेतलं.

"आमी रोज त्याच ब्रेकवर उतरत हुतो?" तिनं विचारलं.

"व्हय."

"आन आमी हसत हुतो."

मग एक बाई म्हणाली, "स्वरूपची गाडी हाय आता. तो नेतोय रोज." दुसरीनं मान हलवली.

"अगं, ह्यांनी जीव वाचिवला तुमचा," सगुणाबाई म्हणाली. "आन त्यांच्याच गाडीत बसायला न्हाई म्हनताय?"

"चाचांचं कायबी चुकलं न्हाई मावशी," शेफालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "पन त्या गाडीत आता बसवनार न्हाई मला. त्यांनी गाडी सरकल्याचं सांगितलं न्हवं? उतार आला की तेच दिसंल."

सगुणाबाई चिडून आणखी काही बोलणार होती, पण अमजदनं हात वर करून तिला थांबवलं. ही भीती त्याच्या ओळखीची होती. तिच्याशी वाद घालता येत नाही, हे त्याच्याइतकं त्या अंगणात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "स्वरूपच्याच गाडीत जावा."

जाताना तो स्वरूपच्या दारात थांबला. "ब्रेक बघत जा रं मधनं मधनं. आन उतारावर गाडी हळू घे."

"नवी हाय चाचा!" स्वरूप म्हणाला.

"माजीबी नवी हुती कवातरी."

अमजदला पालीतून नसरापूरच्या डेअरीला दूध न्यायचं काम मिळालं. काम बरं आहे. दुधाचे कॅन हसत नाहीत, गाणी म्हणत नाहीत, वळणावर त्याच्या पाठीला काही लागत नाही. खुर्शिदा म्हणते, आता तुमचा पाय जेवताना गप असतो.

फक्त रोज सकाळी तो पालीत जरा लवकर पोहोचतो. गाडी गावातलं दूध जमा होतं त्या ओट्यापाशी लावतो आणि चालत मोरीच्या वळणापर्यंत जातो. शाळेची पोरं एसटीची वाट बघत कडेला उभी असतात. तो त्यांना चार पावलं मागं, बांधावर सरकवतो आणि स्वतः त्यांच्यापुढं, उताराकडे तोंड करून उभा राहतो. वरून गाण्याचा आवाज येतो, मग दिवे दिसतात. स्वरूप गाडी जोरातच आणतो. हौद्यातून कुणीतरी "चाचाऽऽ" म्हणून हात करतं, केबिनमधून सगुणाबाई नुसतीच बघते. अमजद हात वर करत नाही. त्याचं लक्ष चाकांकडे असतं. गाडी वळते, मोरी ओलांडते, सपाटीला लागून लहान होत जाते. मग तो परत फिरतो आणि कॅन चढवायला लागतो.